नौपाड्यातील परकीय चलन विक्रेता: फी पाठवण्याचा दोन सत्रांचा अनुभव

मुलीच्या अमेरिकेतील विद्यापीठाची फी मी ठाण्यात नौपाड्यातील एका अधिकृत परकीय चलन विक्रेत्यामार्फत दोनदा पाठवली. पहिल्याच भेटीत काउंटरवरील ताईंनी कागदावर दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले: त्या क्षणाचा बाजारातील डॉलरचा दर आणि त्यांचा विक्रीदर. मधला फरक हे आमचे मार्जिन, त्याबद्दल बोला, बाजार आमच्या हातात नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बोलणी केल्यावर मार्जिन डॉलरमागे 40 पैशांवरून 25 पैशांवर आले.

दर उतरेपर्यंत थांबावे का, या प्रश्नावर मात्र त्यांनी भाकीत करणे टाळले, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. आपण कच्चे तेल 85 टक्क्यांहून अधिक आयात करतो. त्याचा खर्च, अमेरिकेतील व्याजदर आणि परदेशी गुंतवणूकदारांची ये-जा यांवर रुपया हलतो, तर रिझर्व्ह बँक डॉलर विकून चढउतार सौम्य करते, ठरावीक दराची हमी देत नाही. 22 मे 2013 रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी, म्हणजे रोखे विकत घेऊन बाजारात डॉलर ओतणे, कमी होऊ शकते एवढेच सूचित केले, आणि 55 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 28 ऑगस्टपर्यंत 68 रुपयांपलीकडे गेला. त्या उन्हाळ्यात थांबून राहिलेल्या कुटुंबाला 20,000 डॉलरच्या फीसाठी सुमारे अडीच लाख रुपये जास्त मोजावे लागले असते.

खरा धोका कमाई एका चलनात आणि देणे दुसऱ्या चलनात असण्यात आहे. थायलंडमधील अनेक कंपन्या बाथ या तिथल्या चलनात कमावत होत्या आणि कर्जे डॉलरमध्ये घेत होत्या. 2 जुलै 1997 रोजी थायलंडने बाथचा दर धरून ठेवणे सोडले, बाथ घसरला आणि तीच कर्जे फेडणे अशक्यप्राय झाले. रुपयांत पगार घेणारे आमचे घरही त्याच जागी उभे आहे. म्हणून दुसऱ्या सत्राची रक्कम तीन वेगवेगळ्या महिन्यांत पाठवण्याचा ताईंचा सल्ला मी मानला. त्यात सर्वांत चांगला दर पदरी पडत नाही, पण सगळी रक्कम सर्वांत वाईट दरातही अडकत नाही.

एक त्रुटी नोंदवायला हवी. मधली परदेशी बँक आपले शुल्क रकमेतून कापते, हे पहिल्या वेळी सांगितले गेले नाही. विद्यापीठाकडे काही डॉलर कमी पोहोचले आणि ते वेगळे भरावे लागले. पूर्ण रक्कम पोहोचवण्याचा पर्याय त्यांच्याकडे आहे, तो आपणच मागावा लागतो. पॅन कार्ड, प्रवेशपत्र आणि विद्यापीठाचे बिल सोबत न्यावे. शनिवारी चलनबाजार बंद असतो आणि मार्जिन जास्त लावले जाते, त्यामुळे कामाच्या दिवशीच जावे.