ओपनझेडएफएस : पाच वर्षांच्या वापरानंतर

साताऱ्यातल्या आमच्या फोटो स्टुडिओत पाच वर्षं लिनक्सवर ओपनझेडएफएस ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली साठवण्याची व्यवस्था) चालू आहे. लग्नाचे फोटो म्हणजे लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव, एकही फाइल बिघडून चालत नाही. ही फाइलसिस्टिम डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा (तुकड्याचा) चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का हे ओळखायचा आकडा, तपासते आणि मिररमधल्या (तोच डेटा ठेवणाऱ्या डिस्कच्या जोडीतल्या) एका डिस्कने चुकीचा डेटा दिला तर दुसरीवरून दुरुस्त करते. गेल्या पावसाळ्यात स्क्रबनंतर (सगळ्या डेटाच्या तपासणीनंतर) एका डिस्कसमोर चेकसमच्या चुकांच्या रकान्यात ३ दिसले, पण एकही फाइल गेली नव्हती. जीव भांड्यात पडला.

त्रास आहे तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अपडेटचा. हिचा परवाना सीडीडीएल, कर्नलचा जीपीएल, आणि हे दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत असं मानलं जातं. त्यामुळे हिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) कर्नलच्या बाहेरच राहतं, आणि कर्नलच्या आतलं एखादं फंक्शन बदललं की याला मागून धावावं लागतं. २०१९ मध्ये कर्नल ५.० आला तेव्हा एफपीयूसाठीचं (प्रोसेसरमधल्या गणिती भागासाठीचं) फंक्शन बाहेरच्या मॉड्यूलना मिळेनासं झालं आणि चेकसमचं काम मंदावलं होतं.

जानेवारीत मी अपडेट करून मशीन रीबूट केलं, तर फोटोंचा फोल्डर रिकामा! हातपाय गार पडले. नवा कर्नल माझ्याकडच्या ओपनझेडएफएसच्या आवृत्तीला पेलणारा नव्हता, डीकेएमएसची (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणाऱ्या साधनाची) बांधणी अर्ध्यात थांबली होती. बूट मेनूतून जुना कर्नल निवडला आणि सगळे फोटो जागच्या जागी दिसले. आता मी एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नल सोडत नाही, जुना कर्नल पुसत नाही, आणि अपडेटआधी ओपनझेडएफएसच्या मेटा फाइलमधली 'लिनक्स-मॅक्सिमम'ची ओळ (कुठल्या कर्नलपर्यंत चालेल ते सांगणारी) वाचते. पाचपैकी चार तारे.