अम्हारिक शिकायची सुरुवात: रोमनमधून की थेट फिदेलपासून?

अम्हारिक ही इथिओपियाची भाषा शिकायचं ठरवलं की पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो, रोमन अक्षरात लिहिलेली वाक्यं पाठ करून बोलायला लागायचं की आधी फिदेल, म्हणजे त्यांची लिपी, गिरवायची. मी नोकरीसाठी अदिस अबाबाला होतो तेव्हा आधी रोमनवाला रस्ता धरला आणि दोनेक महिन्यांनी तो सोडून फिदेलकडे आलो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं सांगू शकतो. बाकी प्रत्येकाची शिकायची पद्धत वेगळी असते हे मान्यच आहे.

रोमनचा फायदा सरळ आहे. उतरल्या दिवसापासून सलाम, इशी (म्हणजे बरं, ठीक आहे), बुन्ना (कॉफी), वुहा (पाणी) एवढ्यावर काम सुरू होतं. पंधरा दिवसांसाठी जाणार असाल तर मी पण हेच सुचवेन, फक्त ऑडिओ ऐकून शिका. तिथली तरुण मंडळीसुद्धा चॅटवर बऱ्याचदा रोमनमध्येच टाइप करतात, आपण मराठी करतो तसंच.

पण मला ज्या गोष्टीने पार वैताग आणला ती अशी की आपले डोळे लहानपणापासून इंग्रजी वाचून तयार झालेत. अम्हारिकमध्ये 'आहे' म्हणजे 'नव', 'न'वर जोर न देता पटकन म्हटलेलं, आणि रोमनमध्ये ते लिहितात एन-ई-डब्ल्यू. आता हे बघून 'न्यू' सोडून दुसरं काही तोंडात येतंच नाही! 'एक' म्हणजे 'आन्द', लिहिलंय ए-एन-डी. 'कोण' म्हणजे 'मान', लिहिलंय एम-ए-एन. घर 'बेत', बाई 'सेत', सगळे इंग्रजी शब्दांचे वेश घालून समोर उभे. मर्कातो बाजारात 'सिन्त नव?' म्हणजे केवढ्याला हे विचारायचं तर मी 'सिंट न्यू' म्हणायचो आणि समोरचा विक्रेता बिचारा तीनतीनदा परत विचारायचा. दोन महिने रोज बोलूनही हे सुटेना, कारण घरी येऊन वही उघडली की पुन्हा तेच स्पेलिंग. शिवाय रोमनमधलं ई (e) हे एकच अक्षर कुठे आपल्या 'अ'सारख्या स्वराला वापरलेलं, कुठे 'ए'ला, कुठे त्या अगदी छोट्या अर्धवट स्वराला, आणि प्रत्येक पुस्तकाचा नियम निराळा.

मग देवनागरीत का नाही लिहायचं? मी तेही केलं आणि स्वरांचं बरंच भागलं, पण अम्हारिकमध्ये एक साधा 'त' आहे आणि एक घसा बंद करून फट्कन सोडलेला 'त', जो आपला 'ट'ही नाही आणि 'ठ'ही नाही, कारण त्यात फुफ्फुसातली हवा सुटत नाही. साध्या 'त'ने 'मत्ता' म्हटलं तर 'त्याने मारलं', फट्कन सोडलेल्या 'त'ने म्हटलं तर 'तो आला'. ड्रायव्हर आला सांगायला जाऊन ड्रायव्हरने मारलं असं मी एका वॉचमनला सांगून बसलो, तो खरंच घाबरून बाहेर धावला. फिदेलमध्ये ही दोन सरळ वेगळी अक्षरं आहेत, गोंधळाला जागाच नाही.

आता फिदेल. 33 मूळ अक्षरं, प्रत्येकाची 7 रूपं, मिळून 231, हा तक्ता बघून माणूस बिचकतो. पण आपल्याला बाराखडी येते ना, ही सातखडी समजा: ल, लु, ली, ला, ले, ल्, लो. डावीकडून उजवीकडे लिहायचं, जोडाक्षरं नाहीत. सहावं रूप कधी नुसतं व्यंजन असतं तर कधी त्यात छोटा स्वर येतो, पण आपण 'घर' वाचताना शेवटचा 'अ' गिळतोच की, तसाच अंदाज इथेही बसतो. 'स'ला दोन अक्षरं, 'ह'ला त्याहून जास्त, आणि उच्चारात आता फरक राहिलेला नाही, आपल्याकडे बोलताना श-ष होतं तसं. मला रोज संध्याकाळी अर्धा तास देऊन साधारण तीन आठवडे लागले, इंग्रजी माध्यमातून आलेल्या कोणाला कदाचित जास्त लागतील.

त्यानंतर मात्र रस्त्यावरच्या पाट्याच शिकवायला लागल्या. एकदा 'बेत' वाचता आलं की मिगिब बेत म्हणजे खानावळ, मद्हानित बेत म्हणजे औषधाचं दुकान, तिम्हिर्त बेत म्हणजे शाळा, असं मिनिबसच्या खिडकीतून एकेक सापडत जातं. आणि क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच, त्यामुळे पाटीवरून वाक्यावर जायला फार वेळ लागत नाही.

फिदेलमध्ये एक उणीव आहे आणि ती लपवणार नाही. द्वित्त, म्हणजे एकाच व्यंजनाचा दुहेरी, जोर देऊन केलेला उच्चार, लिहीतच नाहीत. 'आल' म्हणजे 'म्हणाला' आणि 'आल्ल' म्हणजे 'आहे', दोन्ही अक्षरशः सारखेच लिहितात. मिनिबसमधून उतरायचं असलं की 'वराज आल्ल!' म्हणजे उतरणारा आहे असं ओरडायचं असतं, तिथे तो जोर कागद सांगत नाही, शेजारच्या प्रवाशाकडूनच ऐकावा लागतो. मी अदिसमधल्या पिअसा भागातून बोले भागात रोज जायचो, आणि वहीत फिदेलमधल्या अशा अक्षरावर पेन्सिलीने दोन टिंबं देत गेलो.