मेंदीचा कोन: फ्रीजरमधला, दुकानातला आणि ‘दहा मिनिटांत रंग’वाला

लग्नसराई आली की कोनांचे तीन प्रकार हातात येतात. एक, घरी मेंदी भिजवून विकणाऱ्या बायकांकडचा ताजा कोन. तो फ्रीजरमधून निघतो आणि त्याची ऑर्डर आधी द्यावी लागते. दुसरा, जनरल स्टोअरच्या काउंटरवर डझनाने बांधून ठेवलेला, दहा-वीस रुपयांचा. तिसरा म्हणजे वेष्टनावर ‘इन्स्टंट’, ‘इमर्जन्सी’ किंवा ‘ब्लॅक’ छापलेला. आमचा कौल आधीच सांगून टाकतो: अंगाला लावण्याजोगा यातला फक्त पहिला. दुसरा घ्यायचाच असेल तर तपासून घ्यावा, तिसरा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

यामागचं कारण अगदी साधं आहे. भिजवलेली मेंदी टिकत नाही. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं केशरी-तांबडं रंगद्रव्य असतं, साधारण एक ते दोन टक्के. पूड आंबट पाण्यात भिजली की ते मोकळं होतं आणि त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं. पण मोकळं झालेलं लॉसोन हवेने मरायलाही लागतं. बाहेर ठेवलेल्या कोनाचा जोर दोन-तीन दिवसांत जातो, उन्हाळ्यात एका दिवसातही. फ्रीजमध्ये तो चार-पाच दिवस निघतो आणि फ्रीजरमध्ये चार-सहा महिने. आता दुकानातला कोन बघा. एप्रिलच्या उकाड्यात तो महिनोन् महिने काउंटरवर पडलेला असतो आणि तरी गर्द रंगतो. म्हणजे तो रंग मेंदीचा नाही.

मग कशाचा? काळ्या कोनात बहुधा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमीन. हेअर डायमधलाच हा पदार्थ. युरोपात हेअर डायमध्ये लावतेवेळी त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत आणि त्वचेवर थेट लावायला मुळीच परवानगी नाही. काळ्या मेंदीच्या नमुन्यांत मात्र ते याच्या कितीतरी पट सापडलं आहे. मेंदी लावल्यावर काही दिवसांनी नक्षीच्या रेषेरेषेवर पुरळ उठतं, पाण्याचे फोड येतात, आणि नंतर तिथे डाग किंवा व्रण राहू शकतो. त्याहून वाईट पुढचं आहे. एकदा ही अॅलर्जी जडली की जन्मभर राहते, आणि पुढे केस रंगवताना डोकं, चेहरा, पापण्या सुजतात. लाल ‘इन्स्टंट’ कोनांच्या तपासण्यांत सोडियम पिक्रामेट हा दुसरा हेअर डाय सापडलेला आहे. शुद्ध मेंदी कधीच काळी रंगत नाही. केशरीपासून गर्द तपकिरी-तांबड्यापर्यंत एवढीच तिची झेप. ‘काळी मेंदी’ नावाचं झाडच नाही. काळीच नक्षी हवी असेल तर दक्षिण अमेरिकेतल्या जेनिपा फळाच्या रसाचं जागुआ जेल मिळतं. त्याचा रंग निळसर काळा येतो. अॅलर्जी त्यानेही होऊ शकते, म्हणून आधी ठिपका लावून बघणं आलंच.

कोन हातात आल्यावर पाच गोष्टी बघायच्या. आधी वेष्टन. घटक लिहिलेले हवेत: मेंदी पूड, लिंबाचा रस किंवा पाणी, साखर, आणि कोणतं तेल ते नावानिशी. नुसतं ‘हर्बल’ किंवा ‘मेहंदी ऑइल’ लिहिलं असेल तर काहीच कळत नाही. भिजवल्याची तारीखही हवी. नंतर वास. चांगल्या कोनाला ओल्या पाल्याचा, गवताचा वास येतो आणि त्यात लॅव्हेंडर, टी ट्री किंवा निलगिरी. रॉकेल, थिनर किंवा नेलपॉलिशसारखा वास आला की कोन बाजूला ठेवायचा. तिसरा रंग. थोडी मेंदी कागदावर काढा: ताजा लगदा शेवाळी हिरवा दिसतो आणि हवा लागली की वरून तपकिरी होतो. पहिल्यापासूनच काळा कुळकुळीत, चकाकणारा लगदा मेंदीचा नसतो. चौथी गोष्ट कोनातून पडणारी धार, तिच्याबद्दल पुढे. पाचवी आणि खरी परीक्षा हातावर.

मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघतो तिथे, वाटाण्याएवढे चार ठिपके ओळीने द्या. पहिला पाच मिनिटांनी काढा, दुसरा अर्ध्या तासाने, तिसरा दोन तासांनी, चौथा सहा तासांनी. खऱ्या मेंदीचा पहिला ठिपका जेमतेम पिवळट दिसतो. दुसरा फिकट केशरी, तिसरा गाजरासारखा, चौथा भगव्याच्या जवळ. लगेच तपकिरी एकही होत नाही. आता हे चारही दुसऱ्या दिवशी बघा, तिसऱ्या दिवशी बघा: चौथा विटकरीवरून तपकिरीवर गेलेला असतो, पहिला आहे तिथेच. ‘इन्स्टंट’ कोनाचा पाच मिनिटांचा ठिपकाच गडद लाल येतो, पुढे तो गडद होत नाही आणि चार-पाच दिवसांत पापुद्र्यासारखा, ठिगळ्याठिगळ्यांनी जातो. जिला केसांच्या डायची किंवा आधीच्या काळ्या मेंदीची अॅलर्जी झाली आहे तिने संशयाच्या कोनाचा असा ठिपकासुद्धा लावू नये.

घोटाळा नेमका या केशरी रंगापाशी होतो. मेंदी रंगली तर सासरचं प्रेम, हे इतकं मनात बसलेलं असतं की कोन खरवडल्यावर हात भगवा दिसला की घरात गडबड उडते. कुणीतरी धावत जाऊन इन्स्टंट कोन आणतं आणि त्याच नक्षीवर पुन्हा गिरवतं. चांगल्या मेंदीचा घात इथे होतो. हवेतल्या ऑक्सिजनने रंग गडद व्हायला ४८ तास लागतात. म्हणून लग्नाच्या दोन दिवस आधी मेंदी काढायची, आदल्या संध्याकाळी नाही. हळदीबद्दलही आधी ठरवून ठेवावं. मेंदीनंतर हळद असेल तर हातांना आधी खोबरेल लावा आणि हळद-उटणं तळहात, बोटं, मनगटावर चोळू देऊ नका. रंग त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरातच असतो, घासलं की तो थरच निघून जातो.

ताज्या कोनांचे विक्रेतेही सगळे सारखे नसतात. त्यांना तीन प्रश्न विचारावेत. पूड कुठली आणि किती वेळा चाळलेली? राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी उत्तम समजली जाते. ‘सोजत मेहंदी’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. केसांसाठीची पूड जाडी असते, त्यात काड्या आणि वाळू येते, आवळा-शिकेकाई मिसळलेली असते. ती कोनात भरली की टोक दर दोन रेषांनी बंद पडतं. दुसरा प्रश्न तेलाचा. लॅव्हेंडर, टी ट्री, कायापुटी ही तेलं रंग खोल उतरवतात. निलगिरीही उतरवते, पण ती मुलांना आणि नाजूक त्वचेला झोंबते. लवंगेच्या तेलाने अनेकींची त्वचा झोंबून लाल होते. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी फक्त लॅव्हेंडरचा कोन मागावा. तिसरा प्रश्न, माल पोचणार कसा. कुरिअरने तीन दिवस फिरलेला कोन पोचतो तेव्हा निम्मा मेलेला असतो. एका रात्रीत पोचेल अशाच गावाहून मागवा, बर्फाच्या पिशवीसह, आणि हातात आल्याबरोबर फ्रीजरमध्ये टाका. टाचणी लावलेलं टोक वर करून, हवाबंद पिशवीत.

ताज्या कोनाची किंमत दुकानातल्याच्या पाच-सहा पट पडते आणि ती रास्त आहे, हे घरी एकदा भिजवून बघितलं की पटतं. प्रमाण असं: १०० ग्रॅम तीनदा चाळलेली पूड, २५ ग्रॅम साखर, ३० मिली तेल, आणि अडीचशे ते पावणेतीनशे मिली लिंबाचा गाळलेला रस आणि पाणी निम्मं-निम्मं. आधी सगळा रस ओतायचा नाही. थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट मळून त्यात साखर आणि तेल घालायचं, वरून प्लॅस्टिक लगद्याला चिकटवून झाकायचं. मधे हवा राहिली की वरचा थर वाया जातो. पुण्याच्या हिवाळ्यात रंग सुटायला १८ ते २४ तास लागतात, विदर्भातल्या मे महिन्यात पाच-सहा तासांतच काम होतं. वरचा थर तपकिरी, आत हिरवा, आणि तळहातावर ठेवलेला ठिपका पाच मिनिटांत पिवळट-केशरी डाग देतो, म्हणजे तयार. मग उरलेला रस थोडा थोडा घालून श्रीखंडापेक्षा जरा सैल करायचं, चमचा उचलला की धार सलग पडली पाहिजे. धुतलेल्या नायलॉनच्या पायमोज्यातून गाळून कोन भरायचे. ३० ग्रॅमचे साधारण १३ कोन होतात. चहा-कॉफीच्या पाण्याने रंग वाढत नाही, तो कष्ट वाचवा.

धारेचे दोष ओळखता आले तर कोन चांगला की हात चुकला हे कळतं. रेषा टोकापाशी वळून कोनालाच चिकटते: टोक ओलं आहे, किंवा कोन त्वचेला टेकवून काढला जातोय, तो किंचित वर धरून रेषा सोडावी लागते. रेषा तुटक येते: लगदा घट्ट आहे किंवा साखर कमी. रेषा पसरते: पातळ आहे, किंवा साखर जास्त होऊन दमट हवेत सुटते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे हमखास होतं, तिथे साखर १५ ग्रॅमवर आणावी. मधेच फट्कन ठिपका उडतो: भरताना हवा राहिली आहे. कोन मागून फाटतो: फार भरला आहे, पाऊण भागावर थांबून मागची बाजू घट्ट दुमडायला हवी.

आता लावणं. आदल्या दिवशीच वॅक्सिंग उरकायचं, मेंदीनंतर नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, तेल-लोशन काहीही नको. नक्षी सुकून तडे जाण्याआधी कापसाने लिंबू-साखरेचं पाणी टिपायचं, एका लिंबाला दोन चमचे साखर. हे दोन-तीनदा पुरे. फार झालं तर नक्षी वाहते. मेंदी हातावर किमान सहा तास, रात्रभर राहिली तर उत्तम. खोलीत एसी नको, गार हातावर रंग धरत नाही. काढताना चमच्याच्या कडेने खरवडायची, पाण्याने नाही. पुढे १२ तास तरी पाणी टाळायचं आणि पाण्यात हात घालण्याआधी खोबरेल किंवा तिळाचं तेल. तव्यावर लवंगा तापवून हात शेकतात, त्यात खरा उपयोग उबेचा असतो. दुरूनच शेका, धूर डोळ्यांत जातो. चुना मात्र लावू नका. तो रंग क्षणात लाल करून दाखवतो आणि त्वचा भाजतो.

तळहात आणि तळपाय इथे कातडी जाड, म्हणून रंग तिथे सर्वांत गर्द. मनगटाच्या वर तो उतरत जातो, दंडावर आणि पाठीवर केशरीच राहतो. यात कोनाचा दोष नाही. चांगला रंग एक ते तीन आठवडे राहतो. भांडी-धुणं हाताने होत असेल तर तळहातावरचा आधी जातो.

शुद्ध मेंदीलाही एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर लॉसोनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तान्ह्या बाळाला जोराची कावीळ होऊ शकते. बारशाला बाळाच्या पायाला हौसेने मेंदी लावतात ती लावू नये. कमतरता आधीच माहीत असलेल्या मोठ्यांनीही टाळावी.

बाजारात ‘व्हाइट मेंदी’ही मिळते. तो गोंदासारख्या पदार्थातला पांढरा रंग, पाण्याने निघून जाणारा. संध्याकाळच्या कार्यक्रमापुरता ठीक, मेंदीशी संबंध नाही.

किती मागवावेत? नवरीचे कोपरापर्यंत दोन्ही हात आणि पाय भरगच्च असतील तर सहा ते आठ कोन, पाहुण्यांच्या साध्या नक्षीला तीन-चार हातांमागे एक. वर दोन जास्त धरा. फ्रीजरमधून काढल्यावर तासभर झाकून ठेवा, टोक तेवढं आधी मोकळं करा. एकदा मऊ झालेला कोन त्याच दिवशी संपवा. परदेशातल्या मुलीकडे पाठवायचे असतील तर कोन पाठवू नका. बॅगेत दोन दिवस राहिले की त्यांचा जोर गेलेला असतो. चाळलेली पूड हवाबंद पाकिटात द्या, ती तिथेही फ्रीजरमध्ये ठेवायची, आणि लिंबू, साखर, लॅव्हेंडर तेल तिकडे कुठेही मिळतं. वर दिलेलं प्रमाण तिच्या मोबाइलवर धाडून ठेवा.