खाण्याचा सोडा आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड: आम्ल आधी कोण शमवते?

खाण्याचा सोडा पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याची अभिक्रिया जवळजवळ तत्काळ होते, मात्र त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटून पोट फुगते व ढेकर येतात. आम्लपित्तावरील औषधांत वापरले जाणारे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात फारच कमी विरघळते, त्यामुळे त्याचे कण आम्लात हळूहळू झिजत काम करतात. तरीही त्याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडपेक्षा ते वेगवान आहे.

पण केवळ वेग पाहणे मला अपुरे वाटते. 1 ग्रॅम सोडा सुमारे 12 मिलिमोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक) आम्ल शमवतो, तर तेवढेच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड सुमारे 34. सोड्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णांना घातक ठरू शकते. मॅग्नेशियमने जुलाब होतात आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.