टेनेशियस टेप: पावसाळी ट्रेक करणाऱ्यांनी घेऊन ठेवाच

करवंदीच्या जाळीतून जाताना नाहीतर निसरड्या कातळावर बसून घसरत उतरताना रेन जॅकेट फाटतंच, आणि मग लोक काय करतात तर टेलरकडून शिवून आणतात. शिवू नका हो! सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाणी आत यायला नवीन वाट. डक्ट टेपही नको, तिचा गोंद नंतर कापडावर राहतो आणि निघता निघत नाही.

मी गिअर एड कंपनीची टेनेशियस टेप, म्हणजे फाटलेल्या कापडावर ठिगळासारखी चिकटवायची टेप, वापरते आणि मनापासून सांगते, घ्याच. साधारण ७.५ सेंमी रुंद, ५० सेंमी लांब असा छोटा रोल येतो, शिलाई नको इस्त्री नको, कापा आणि चिकटवा. रंगीत येते ती नायलॉनची, जॅकेट आणि सॅकच्या रेन कव्हरला एकदम मस्त, आणि पारदर्शकवाली थोडी ताणली जाते. साध्या टेपच्या मानाने महाग आहे, पण नवीन जॅकेटपुढे तो खर्च काहीच नाही.

आता महत्त्वाचं, कारण "चिकटतच नाही" म्हणणारे बहुतेक जण इथेच घाई करतात. कापड आधी धुवून पूर्ण कोरडं करा, जुलैच्या दमट हवेत पंख्याखाली रात्रभर ठेवावं लागलं तरी ठेवा, मग मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा, घामाचं तेल आणि चिखल गेलाच पाहिजे. फाटलेल्या कडा एकमेकींना भिडवून सपाट करायच्या आणि तुकडा सगळीकडून निदान सव्वा सेंमी जास्त कापायचा. कोपरे गोल करायला विसरू नका, टोकदार कोपरा सॅकच्या पट्ट्याला घासून सुटायला लागतो. जास्त फाटलं असेल तर आतून बाहेरून दोन्हीकडून लावा, चमच्याच्या पाठीने जोरात घासा आणि २४ तास धुवू नका.

सगळ्यावर चालत नाही हे पण सांगते. हलक्या टेंट-टार्पचं सिलिकॉन कोटिंगचं कापड असतं ना, बुळबुळीत लागतं ते, त्यावर ही धरत नाही (कोपऱ्यावर साधी सेलोटेप लावून बघा, लगेच सुटली तर सिलिकॉन समजा). त्याला त्याच कंपनीचं सीम ग्रिप सिल (सिलिकॉनच्या कापडासाठीचा गोंद) लागतं. बारीक भोकं किंवा शिलाईतून गळत असेल तर सीम ग्रिप डब्ल्यूपी (भोकं आणि शिलाई बुजवायचा वॉटरप्रूफ गोंद) लावा, ते सुकायला ८ ते १२ तास लागतात म्हणून आदल्या दिवशीच लावा. आणि जॅकेटचं आतलं कोटिंगच चिकट होऊन पापुद्रे सुटत असतील तर टेपवर पैसे घालवू नका, ते कापडच संपलंय.

बाकी ट्रेकला जाताना एक-दोन तुकडे गोल कापून फर्स्ट एडच्या पाऊचमध्ये टाकून ठेवा. वाटेत कोरडी जागा मिळाली की तात्पुरतं लावता येतं, घरी येऊन मग नीट करा.