पहिल्या शर्यतीसाठी टायर: ट्यूबचे की ट्यूबलेस?

सायकलच्या पहिल्या शर्यतीला आठ-दहा आठवडे उरले, की पैसे कशावर घालावेत हा विचार बहुधा टायरपाशी येऊन थांबतो. रिम ट्यूबलेसला चालते, टायर 28 मिमी रुंदीचेच घ्यायचे, इथवर तुमचं ठरलेलं असेल. आत ट्यूब घालायची की ट्यूबशिवाय नुसतं सीलंट (भोक बुजवणारा चिकट द्रव) ओतायचं, एवढंच उरलं.

चालवायला ट्यूबलेस सरस, यात वाद नाही. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबमध्ये पुढे 75 आणि मागे 80 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा लागते. त्याहून बरीच कमी ठेवली आणि खड्ड्याची कड बसली, की ट्यूब रिमखाली चिमटून शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये 60-65 वर भागतं. बेळगावजवळची पिरनवाडी सोडून जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यानंतर निघा, हा फरक मनगटांना आणि कमरेला लगेच कळतो. (रिम हुकलेस, म्हणजे टायर धरणारी आतली कड नसलेली, असेल तर 72 च्या वर अजिबात जाऊ नका, टायर रिमवरून निसटू शकतो.) बारीक भोक सीलंट चालत्या चाकात बुजवतं. शर्यतीत घोळका एकदा पुढे गेला की गेला, त्यामुळे हा फायदा लहान नाही.

पण आपल्याकडे सराटे (गोखरूचे काटे) आहेत. निपाणी-चिकोडी पट्ट्यात दिवाळीनंतर कडेचं गवत वाळतं आणि सराटे डांबरावर येतात. त्याच सुमारास साखर कारखाने सुरू होतात, आणि उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला सायकल नेमकी त्याच कडेला घ्यावी लागते. ट्यूबलेस टायर हे काटे मुकाट गिळतो. हवा जात नाही, म्हणून तुम्ही थांबत नाही, आणि काटे आतच राहतात. मग एखाद्या दिवशी धारदार खडीने पाच-सहा मिमीची चीर पडते. ती सीलंटला आवरत नाही. व्हॉल्व्ह काढून ट्यूब घालावी लागते, आणि महिनाभर साठलेले ते काटे किलोमीटरभरात नव्या ट्यूबचीही चाळण करतात. आतून सीलंटचा चिकट थर असल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनाही नीट लागत नाहीत. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

ट्यूबमध्ये प्रत्येक काटा तिथल्या तिथे कळतो. टायर आतून फडक्याने पुसत फिरवायचा, फडकं अडकेल तिथला काटा उपटायचा, ट्यूब बदलायची. सवय झाली की दहा मिनिटांचं काम. टायर बसवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. व्हॉल्व्हपासून सुरुवात केली तर टायरची कड रिमच्या मधल्या खाचेत उतरत नाही आणि शेवटची चार बोटं हाताने चढत नाहीत.

सीलंटची उस्तवार वेगळीच. एका चाकाला 30-40 मिली घातलेलं एप्रिल-मेच्या उन्हात दीड-दोन महिन्यांत सुकतं, व्हॉल्व्हची नळी चोंदते, आणि खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे ते सहसा मिळत नाही. ट्यूबचं पंक्चर मात्र तो काढून देतो. फक्त प्रेस्टा (रेसिंग सायकलच्या बारीक) व्हॉल्व्हमध्ये त्याच्या पंपाने हवा भरायला पितळेचं छोटं ॲडॅप्टर खिशात हवं.

शर्यतीत मागून सुटं चाक घेऊन कोणी येणार असेल आणि तुम्ही दर आठवड्याला काटे उपसणार असाल, तर ट्यूबलेस घ्यायला हरकत नाही. (काटा उपटल्यावर भोक खाली येईल असं चाक थांबवा, सीलंट तिथे जमतं.) एकट्याने सराव करणाऱ्याने मात्र ट्यूबच घालावी, असं मला वाटतं. नवे टायर शर्यतीच्या दोन आठवडे आधी चढवा आणि दीड-दोनशे किलोमीटर चालवून घ्या. सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि हवा भरायला 16 ग्रॅमचं एक सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर पुरे. सीओटू रबरातून लवकर झिरपतो, म्हणून घरी आल्यावर तो सोडून पंपाने साधी हवा भरा.