मानवी हक्कांच्या खटल्यांचं प्रशिक्षण : काही महिने कोर्टात वापरल्यानंतर

तालुका कोर्टात फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला या प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, असं बारमधले सहकारी विचारतात. होतो, आणि तो मुख्यतः कोठडीतली मारहाण आणि मृत्यू या विषयावरच्या सत्रांचा. बाकीचं बरंचसं विसरायला झालं. ही सत्रं मात्र जवळपास दर रिमांडला आठवतात.

नीलाबती बेहेरा खटला (१९९३) आम्ही लॉ कॉलेजात भरपाईचा निवाडा म्हणून वाचला होता. इथे तो पुराव्याच्या अंगाने शिकवला. ओडिशातल्या एका आईने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, तीच याचिका झाली. मुलगा पोलिस चौकीत होता आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर त्याचा मृतदेह मिळाला. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, हा पोलिसांचा बचाव वैद्यकीय पुराव्यापुढे टिकला नाही. १,५०,००० रुपये भरपाई मिळाली. शवविच्छेदनाचा अहवाल ओळ न् ओळ कसा वाचायचा, हे मी या एका खटल्यावरून शिकलो.

आता अशिलाच्या अंगावर वळ दिसले तर तोंडी सांगून थांबत नाही. कोणती जखम, कुठे, केव्हाची, हे लिहून अर्ज देतो, वैद्यकीय तपासणी मागतो आणि आरोपीचं म्हणणं न्यायदंडाधिकाऱ्यांच्या नोंदीत यावं असा आग्रह धरतो. अटक करताना पोलिसांनी काय पाळायचं हे ठरवून देणाऱ्या डी. के. बसू निवाड्यातला अटकेचा मेमो (अटकेची लेखी नोंद) आणि दर ४८ तासांची वैद्यकीय तपासणी, दोन्हीची कागदपत्रं मागतो. सीसीटीव्हीचंही तसंच. परमवीर सिंग सैनी प्रकरणात (२०२०) सुप्रीम कोर्टाने पोलिस ठाण्यातलं चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपायला सांगितलंय. ते राखून ठेवण्याचा अर्ज लगेच द्यावा. घरचे लोक दुःखात असतात, त्यांना हे सुचत नाही. वकिलालाच सुचायला हवं.

उणिवा आहेत, आणि त्या मला खटकतात. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण अजून अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता) दिलेलं नाही, यावर फार वेळ गेला. उलट मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, ही मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६(२) ची अट एका वाक्यात उरकली. भीतीपोटी उशिरा येणाऱ्या कुटुंबांसाठी हीच अट सगळ्यात जाचक ठरते. काही नमुना अर्जांत अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७६(१अ) होतं. १ जुलै २०२४ पासून कोठडीमृत्यूच्या न्यायदंडाधिकारी चौकशीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९६(२) लागतं.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे एकही नमुना मराठीत नव्हता. आमच्याकडे पंचनामा मराठीत, जबाब मराठीत, आणि ज्या आईची सही घ्यायची तिलाही मराठीच येतं. तिला न कळणाऱ्या अर्जावर तिची सही घेणं मला पटत नाही, म्हणून मी सगळे मसुदे मराठीत नव्याने लिहून काढले. आयोजकांनी पुढच्या तुकडीला ते आयते द्यावेत, ही कळकळीची विनंती.

या प्रशिक्षणाला जाणाऱ्यांनी आपल्या चालू प्रकरणाची कागदपत्रं नावं झाकून सोबत न्यावीत. जेवणाच्या सुट्टीत ज्येष्ठ वकील ती आपुलकीने वाचून देतात, आणि मला तरी कित्येक व्याख्यानांपेक्षा त्यातूनच जास्त मिळालं.